हात लावल्याचा बांगडा

"कोणी हात लावूचो नाय!"

सकाळी सकाळी महादू असा ओरडला, तशी पुळणीवरची आठ-दहा माणसं दोन पावलं मागे सरली आणि वाळूत बसून त्यांनी बिड्या पेटवल्या.

होडी लोटायला-ओढायला हात लावला की एक बांगडा, हा तिथला रिवाज. महादूला तो तीस वर्षं घशातल्या काट्यासारखा टोचत होता. "बोट लावतत आणि बांगडो नेतत," म्हणायचा, आणि टोपलीत हात घालून नेमका सगळ्यात बारका शोधून काढायचा. शेवटी अठ्ठावन्न सालच्या दसऱ्याला तो तळेऱ्याला गेला, मोडीतल्या मोटारीची दोन चाकं आसासकट घेऊन आला आणि होडीच्या पोटाखाली आवळून बसवली. आता एका बोटाने होडी पाण्यात, दुसऱ्या बोटाने बाहेर! ओढायचा दोरसुद्धा त्याने सोडून बायकोला दिला. हौसाबाईने त्यावर लुगडी वाळत घातली.

"मासे पण ही चाकांच धरतत काय रे?" वाळूत बसलेला शेजारच्या होडीचा मालक कुस्तोदियो म्हणाला.

"जळतंस तू."

महादूने चाकाखालचा दगड पायाने उडवला आणि वल्हं घ्यायला वळला.

होडी निघाली. पुढे उतार, मागे जमिनीवरून समुद्राकडे सुटलेला मतलई वारा. महादूने मान वळवली तोवर ती पहिली लाट ओलांडत होती. चाकांत हवा, त्यामुळे बुडायचं नाव नाही. परवान्याशिवाय तिने सरळ पोर्तुगीजांच्या गोव्याची वाट धरली होती म्हणतात.

"धरा! अरे, धरा रे!"

कोणी हललं नाही. कुस्तोदियोने सावकाश धूर सोडला. "तूच सांगलंस मा? हात लावूचो नाय."

महादू गळ्यापर्यंत पाण्यात शिरला, दोन घोट खारं पाणी प्याला आणि परत आला. होडी आता चपलेएवढी दिसत होती. घरातल्या पाच माणसांचं पोट त्या चपलेत होतं. त्याचा चेहरा पाहून कुस्तोदियोने बिडी वाळूत खुपसली.

"चल. पण माजी होडी जुन्या वळणाची हा. तिका माणसां लागतत."

महादूने तिला खांदा लावला. बाकीच्यांनीही लावला.

दुपारी दोघं परतले. मागे महादूची होडी बांधलेली, पुढे बांगड्यांनी भरलेलं जाळं. वाटेत तेवढा मोह कुस्तोदियोला आवरला नव्हता. पुन्हा सगळ्यांनी मिळून त्याची होडी वर ओढली. मग रिवाजाप्रमाणे त्याने हात लावणाऱ्या प्रत्येकाला एक एक बांगडा दिला. एक महादूच्याही ओंजळीत टाकला.

महादूने तो उलटा केला, सुलटा केला, शेपटीला धरून उजेडात पाहिला.

"कुस्तोद्या," तो म्हणाला, "बारको दिलंस रे! माजो खांदो होतो, बोट नाय."