घरातून आलेला होकार

नेहरू नगरच्या घरात वैजयंतीबाई एकट्याच राहत. बाहेर हिंदी आणि घरात मराठी ही त्यांची जुनी शिस्त. पण यजमान गेल्यापासून घरात मराठी बोलायला कुणी उरलंच नव्हतं.

दुपारी इंटरनेट कंपनीतल्या मुलीचा फोन आला. तुमची माहिती इतर कंपन्यांना द्यायची ना, असं तिने खात्रीसाठी हिंदीत विचारलं.

"बिल्कुल नहीं. मेरा कुछ मत बेचिए," बाई फटकन म्हणाल्या.

"पर कल तो आपके यहाँ से हाँ हो गई थी, मैडम. वही आंटी थीं, जो अभी आपके पीछे बोल रही हैं."

बाईंनी मागे वळून पाहिलं. पलंगावर वाळलेले कपडे तेवढे पडले होते.

"मैडम," मुलीने विचारलं, "'तिचं ऐकू नका' का मतलब क्या होता है?"