रावसाहेबांची बासष्टची लढाई

"बौद्ध आहे का?" संजयनं पेपरमागून विचारलं.

"त्यांच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे, पप्पा," उत्कर्षा म्हणाली. "आपल्यापेक्षा मोठी."

"मग अडलं कुठं?"

उत्कर्षानं दाराबाहेर बोट दाखवलं. जिथं अडलं होतं ते बाहेर ओट्यावर बसून दाढी करत होतं.

मुलगा हिंजवडीत तिच्याच कंपनीत होता. कलकत्त्याचा. शांत, हुशार, आणि मिसळीनं डोळ्यांतून पाणी आलं तरी आणखी तर्री मागून घेणारा. सगळं जमण्यासारखं होतं. फक्त नाव वेन ल्याओ. घराणं तीन पिढ्या इथलंच, पण मूळचं चिनी.

आणि आजोबा म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार रावसाहेब. बासष्टची लढाई सगळा देश विसरला होता. शाळेच्या पुस्तकातही ती दोन ओळींत उरकलेली. येरवड्यातल्या या घरात मात्र ती रोज सकाळी चहाबरोबर पेटायची. चीनची बातमी लागली की रावसाहेब टीव्हीवर तोंडसुख घेत. गल्लीच्या तोंडाशी चायनीजची गाडी लागली तेव्हा त्यांनी असा तमाशा केला, की गाडीवाल्यानं पाटीवर 'जपानी' लिहून घेतलं. नूडल्स त्याच राहिल्या. पुतण्याच्या लग्नात पंगतीत मंचुरियन दिसलं, तर हे आहेर परत घेऊन घरी आले.

घरचे त्यांना दोष देत नसत, कारण आजी, हिराबाई, आसामच्या होत्या. रावसाहेब फौजेत तिकडं असताना लढाई लागली आणि त्या लढाईपायी हिराबाईंचे वडील गेले, घर गेलं. रावसाहेबांनी तिथंच त्यांच्याशी लग्न केलं आणि त्यांना पुण्याला आणलं. नवऱ्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की हिराबाई मान खाली घालून भाकरी थापत राहत. त्या दिवसांबद्दल त्या कधी चकार शब्द काढत नसत. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं म्हणून संजयही तो विषय सोडून देई.

उत्कर्षाची आई, कल्याणी, धोरणी होती. शेजारच्या मथुराबाईंना तिनं मुलाचं नाव व्यंकट सांगून ठेवलं होतं आणि आजोबांनाही तेच सांगावं असं तिचं मत होतं. पण तोंड बघितल्यावर काय करणार, हे तिला सांगता येईना. शेवटी रविवारी, मटणाचं जेवण झाल्यावर, उत्कर्षानंच आजोबांपुढं बसून सगळं सांगून टाकलं. खालमानेनं, एका दमात.

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. मग रावसाहेबांनी चौकशी सुरू केली. कुठले? कलकत्त्याच्या आधी? आसामातले, असं उत्कर्षानं सांगितल्यावर त्यांचे डोळे बारीक झाले. घरात लढाईच्या वेळचं कोणी म्हातारं माणूस आहे का, असं त्यांनी विचारलं.

"वेनची आजी आहे. पण तिला हिंदी धड येत नाही. चिनीच बोलते."

"चालेल. तिला आण. ती आल्याशिवाय साखरपुडा नाही."

होकार मिळाला, पण संजयनं कपाळाला हात लावला. म्हातारा बाईला समोर बसवून लढाईचा जाब विचारणार, याबद्दल त्याला शंका उरली नाही. कल्याणीनं तर पेढे वाटताना प्रत्येकाला बजावलं, की अण्णा, म्हणजे सासरे, उठून उभे राहिले की बँजोवाल्याला वाजवायची खूण करायची.

साखरपुडा गच्चीवरच्या मांडवात झाला. वेननं त्रिसरण असं स्वच्छ म्हटलं की भंतेजींनी चष्म्यावरून पाहिलं. त्याचे वडील कोल्हापुरी चपला घालून आले होते आणि भेटेल त्याला जयभीम घालत होते. मथुराबाईंनी व्यंकटला नीट निरखलं आणि पोरगं रूपानं गोड आहे, डोळे तेवढे झोपेला आलेत, असा निकाल दिला. अंगठ्या घातल्या, टाळ्या झाल्या, पोरी नाचल्या. उत्कर्षाचे गाल हसून हसून दुखले.

वेनची आजी तेवढी पुढच्या खुर्चीत एकटीच बसली होती. लहानखुरी, पांढऱ्या केसांची. बोलायला कोणी नाही, म्हणून प्रत्येकाकडं बघून हसत होती.

रावसाहेब उठले. कोटावर पदकं लावलेली. ते सरळ तिच्यापुढं जाऊन उभे राहिले. कल्याणीनं खूण केली, पण बँजोवाला जेवत होता. संजय वडिलांचा हात धरायला धावला.

रावसाहेबांनी म्हातारीला नमस्कार केला. मग मागं वळून हाक मारली.

"हिरा, इकडं ये. बैस यांच्याजवळ."

हिराबाई खांबाला धरून उभ्या होत्या. त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

"ये. आता कोणी येत नाही."

त्या आल्या. खुर्चीच्या कडेवर टेकल्या. पदराला हात पुसला, ओठ दोनदा हलले, आणि मग त्यांच्या तोंडून जे शब्द निघाले ते त्या घरात कोणीच कधी ऐकले नव्हते. म्हातारीनं त्यांचा हात घट्ट पकडला. काहीतरी विचारलं. हिराबाई हसत, रडत, अडखळत उत्तर देऊ लागल्या. मग अडखळणं थांबलं आणि दोघी एकदमच बोलायला लागल्या.

वेन उत्कर्षाकडं वळला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"आजीनं विचारलं, कोणाची मुलगी तू," तो म्हणाला. "तुझी आजी म्हणाली, ल्यांग सुताराची. लढाईत पोलीस आसामातल्या सगळ्या चिन्यांना धरत होते. त्यांना गाडीत घालून घेऊन गेले तेव्हा मी फौजीच्या खोलीत लपले होते."

संजय वडिलांकडं बघतच राहिला. "अण्णा, आणि तुम्ही जन्मभर..."

रावसाहेबांनी डोळे पुसले आणि खुर्ची ओढून बायकोशेजारी बसले.

"अरे, चिन्यांच्या नावानं शंख करणाऱ्याच्या घरात तुझ्या आईला शोधायला कोण येणार होतं?"