पिठाचं बाळ

भट्टीतून चार बाळं निघाली. पावाचीच, पण दुपट्यात गुंडाळल्यासारखी, वर रंगवलेला प्लास्टरचा इवलासा चेहरा. पाचव्याचं पीठ कासिल्दाने ओल्या फडक्याखाली ठेवलं होतं.

"ते कुणासाठी?" दोमितिलाने विचारलं. ठाऊक असलेलंच विचारायची नणंदेची जुनी खोड.

"उरलंय थोडं."

"उरलेलं पीठ कुणी झाकून ठेवत नाही, कासिल्दा. थापून खातात."

टेबलावर कासिल्दाच्या नवऱ्याचा, इलारियोचा फोटो, तळलेला मासा, त्याची बिअर. आज मृतांचा दिवस, बारा वाजता मेलेली माणसं घरी जेवायला येतात, पावाची बाळं त्यांच्याचसाठी. पण आपल्याच रक्ताच्या टेबलाशी. परक्याला ताट मांडलं की घरचा माणूस रुसून दारातूनच परततो, असं दोमितिलाची आई सांगायची.

"ते लेकरू माझ्या स्वयंपाकघराखाली निजलेलं होतं," कासिल्दा म्हणाली. "सांडपाण्याचा पाइप टाकताना वर आलं. इतकी वर्षं मी त्याच्या डोक्यावर कांदे चिरले. ते परकं कसं?"

"पाच हजार वर्षांची ममी आहे ती. कुणाची, कुठली, देव जाणे. माझा भाऊ उपाशी परत जायला नको, एवढंच."

"यास्ना आज सांगणार आहे. बाराच्या आत ये म्हटलंय."

उन्हाळ्यात अरिकाच्या म्युझियममधून यास्ना आली, तेव्हा लेकराशी कुणाचं रक्त जुळतं ते तपासायला कोळ्यांची सगळी वस्ती तिच्या नळ्यांत थुंकली होती. कासिल्दा सगळ्यात पुढे. दोमितिला शेवटी, तीही शेजारीण थुंकली म्हणून.

साडेअकराला गाडी आली. यास्नाने दारातच बूट झटकले.

"लेकराच्या दातातून मिळाली, कासिल्दाबाई. आईकडून लेकराला जाते ती खूण. पण तुमच्याशी नाही जुळत. तुमची वरच्या डोंगरातली निघाली."

कासिल्दाने फडकं सारखं केलं. ते सारखंच होतं.

"मी म्हणत नव्हते?" दोमितिला म्हणाली.

"तुमच्याशी जुळते, दोमितिलाबाई. तुमच्या आईची आई, तिची आई, असं मागे मागे जात राहिलं, की तुमची नि त्या लेकराची मूळ आई एकच. आणि हो, मुलगी आहे ती. आम्ही उगाच मुलगा समजत होतो."

दोमितिला टेबलावरच्या फोटोकडे वळली.

"म्हणजे इलारियोचीही?" दोमितिलाने विचारलं.

"सख्खा भाऊ ना?"

"सख्खाच."

दोमितिलाने हात धुतले, बराच वेळ धुतले. मग फडकं काढलं आणि पीठ मळायला घेतलं. कासिल्दाने डब्यातून प्लास्टरचा एक चेहरा पुढे केला. गुलाबी गाल, लाल मिटलेले ओठ.

"हा नको. तिचा असा नव्हता."

"तू तर म्हणाली होतीस, ते वर आलं तेव्हा तू बघितलंच नाहीस."

दोमितिलाने तो चेहरा बाजूला सारला. पिठाचाच सपाट चेहरा केला, ममीच्या तोंडावरच्या मातीच्या मुखवट्यासारखा. दोन बारीक डोळे. खाली अंगठ्याने एक गोल खळगा.

"भट्टीत बुजेल तो," कासिल्दा म्हणाली.

दोमितिलाने ते पीठ तिच्यापुढे सरकवलं. "मग आणखी खोल कर. तोंड उघडं राहू दे, जेवायचंय तिला."