सात मिनिटं आधी

रविवारी सकाळी आमची अख्खी गल्ली फावडी घेऊन गटार साफ करत होती. हिनोसे हे छोटं शहर. जो येत नाही, त्याच्याबद्दल वर्षभर अदबीनं वाईट बोललं जातं.

खांबावरचा नगरपालिकेचा कर्णा खरखरला.

“तिसऱ्या गल्लीतल्या काजिताबाईंचा आज सकाळी गटाराजवळ फावड्यांनी डोकं फोडून खून झाला आहे. शेजाऱ्यांनी रक्त थंड पाण्यानं धुवावं. गरम पाण्यानं डाग बसतो.”

काजिताबाई माझ्या शेजारीच गाळ उपसत होत्या.

“अगं बाई, मेले की मी! निशिवाकीसाहेब, आता तरी घरी जाऊ द्या.”

“एवढा तुकडा संपवा, मग खुशाल मरा,” गल्लीचे अध्यक्ष निशिवाकी म्हणाले. सगळे हसले.

निशिवाकींनी नगरपालिकेला फोन लावून चूक सांगितली आणि फोनवरच्या माणसाला कमरेत वाकून नमस्कार केला.

कर्णा पुन्हा खरखरला.

“मघाची घोषणा चुकून सात मिनिटं आधी झाली. नागरिकांची मनापासून क्षमा मागतो.”

हसू थांबलं. प्रत्येकानं घड्याळ पाहिलं. आमच्याकडे उशीर कुणालाच आवडत नाही.

काजिताबाई घराकडे वळल्या. “जरा वाट द्या ना,” त्या म्हणाल्या.

कुणीच हललं नाही. मीसुद्धा.