पाचची गाडी

"इथं मोठं कोण आहे?" रक्षानं दारातूनच विचारलं. चप्पल तिनं काढली नाही.

नाचणगावच्या समाजमंदिरात सातआठ माणसं गोल करून बसली होती. मधोमध दोन खुर्च्या, समोरासमोर, रिकाम्या. कुणी दचकलं नाही. उलट सगळे सावरून बसले. एक उंच, वाळका माणूस उठला. एक खुर्ची त्यानं तिच्याकडे सरकवली, दुसरीवर स्वतः बसला.

"मी तानबा. बोला बाई. मी आयकून राह्यलो."

"घरातलं येडेपण गावाले सांगाले शिकवता तुम्ही? सोता गोळ्या खाऊन उभे राह्यता, अन् दुसऱ्याले सांभाळाले निंगाले?"

भिंतीजवळच्या बाईनं शेजारणीला कोपरानं ढोसलं. "आता सोयरिकीचं म्हनते पाय," ती पुटपुटली.

"दोन सोयरिका मोडल्या माझ्या, आईपायी!" रक्षाच्या तोंडून निघून गेलं होतं. ती त्या बाईकडे वळली. "हसता काय?"

बाई खाली बघू लागली. पण तिच्या चेहऱ्यावरचं समाधान गेलं नाही.

रक्षाच्या आईला, जिजाबाईला, जाऊन त्या दिवशी एकवीस दिवस झाले होते. वर्ध्याच्या एका संस्थेनं हा वर्ग काढला होता. मनाच्या आजारातून उठलेल्यांनी नव्या आजाऱ्यांना सोबत करायची, त्याचं शिक्षण. सहा महिने दर गुरुवारी जिजाबाई रोहण्याहून इथं येत होती. दर गुरुवारी रक्षा शाळेत शिकवायला जाण्याआधी दारात आडवी येत होती. जिजाबाई सगळं ऐकून घ्यायची. मग पिशवी खांद्याला लावायची आणि एवढंच म्हणायची, "पाचच्या गाडीनं येतो." रक्षाला सर्वांत जास्त राग याचाच यायचा. माणसानं इतकं तळतळून बोलावं, आणि उत्तर काय, तर एसटीची वेळ.

शेवटच्या गुरुवारी पाचची गाडी रोहण्याच्या फाट्यावर थांबली. जिजाबाई उतरली नाही. खिडकीला डोकं टेकून बसलेली होती. कंडक्टरनं दोनदा हाक मारली. दुपारपासूनच छातीत दुखत असणार, असं डॉक्टर म्हणाले. दुपारी ती इथं होती, या माणसांत. मधले दोन गुरुवार हॉल मतदानाच्या कामासाठी बंद होता. रक्षा तिसऱ्या गुरुवारची वाट बघत राहिली होती.

"दुखणाईत बाईले एकटीले गाडीत बसवून देता!" तिचा आवाज फाटला. "इतके जण होते. एकालेबी डोळे नाई?"

तानबा क्षणभर अडखळला. पण त्यानं खुलासा केला नाही. तिचा श्वास संपेपर्यंत तो थांबला. मग उठला, खुर्चीच्या पाठीवरची पिशवी खांद्याला लावली आणि हळू म्हणाला, "पाचच्या गाडीनं येतो."

टाळ्या पडल्या.

रक्षा एक पाऊल पुढं आली. "हे कोणी शिकवलं तुमाले?"

"झाली नं परीक्षा?" तानबाला हसू आवरत नव्हतं. "संस्थेच्या कांताबाईनं वर्ध्याहून निरोप धाडला होता. अनोळखी बाई येईन, न सांगता येईन, नातेवाईक होऊन भांडन करन. लय ताकदीनं केलं बाप्पा तुम्ही! गाडीचं तं नवीनच काढलं. पन जिजाबाईची सर नाई हां. सरावात ते सोताच्याच पोट्टीचं, लेकीचं, सोंग घेते, अन् आमाले एकेकाले असं झाडते! पह्यल्यांदा तं मी रडलोच. आज काऊन नाई आली काय मालूम."

"अन् हे पाचच्या गाडीचं?"

"थे बी तिचंच. जिजाबाई म्हने, पोट्टी दहा वर्षांची होती तवा मी बिमारीत कोणाले न सांगता निंगून गेलतो. अकराव्या दिवशी सापडलो. तेवढे दिवस पोट्टी उंबऱ्यावर बसून होती. तवापासून मी पिशवी उचलली का ते भांडते. थे भांडन नाई होय, भेव होय. तिले उत्तर नका देऊ. परत कवा येता तेवढं सांगा, अन् सांगतल्या गाडीनंच या."

रक्षा खुर्चीवर बसली होती. कधी बसली, ते तिला कळलं नाही.

"मी परीक्षेची बाई नाई," ती म्हणाली. "मी रक्षा."

भिंतीजवळच्या बाईनं पदर तोंडाला लावला. तानबानं पिशवी खाली ठेवली, हात जोडले.

"मंग तुमचा राग खराच हाये, बाई. पन एकटीले नाई सोडलं आम्ही. घामानं लुगडं ओलं झालतं तिचं. आम्ही आटो आनला, दवाखान्यात न्याले. बसलीच नाई. म्हने, दवाखान्यात गेलो का रात होईन, पोट्टीले पाचची सांगून आलो. मंग सारेजण गाडीपर्यंत गेलतो. खिडकीपाशी जागा करून देल्ली." त्यानं दाराकडे पाहिलं, मग परत तिच्याकडे. "आता तब्येत कशी हाये तिची? त्या दिवशी टायमावर पोचली नं?"

रक्षानं समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"हाव," ती म्हणाली. "पाचच्याच गाडीनं आली."