शेजारची चटई

"गाडी साठवर न्या, ब्रेक दाबत दहावर आणा, पण थांबू नका. दहा वेळा केलं की नवे ब्रेक बसतात," मेकॅनिक म्हणाला. "काका, शेजारच्या सीटपुढची चटई फाटलीय. बदलू?"

"हात लावू नकोस!" गुळवणी खेकसले.

ती चटई बायकोच्या टाचेनं फाटली होती. गाडी पळाली, की ती घाबरून तिथं पाय रोवायची. "अगं, तुझ्याकडे ब्रेक नाहीये," हे चौदा वर्षं सांगून ते थकले. गेल्या श्रावणात ती गेली.

रिकाम्या बायपासवर त्यांनी नऊ वेळा गाडी साठवर नेली, दहावर आणली. कुणी "अहो, हळू!" म्हटलं नाही.

दहाव्यांदा काटा साठवर आला. चटईकडे पाहून ते म्हणाले, "दाब गं आता."

आणि मगच त्यांनी आपला ब्रेक दाबला.