पोपटाचं फडकं

फडकं मंगलाबाईचंच होतं. कडेचे हिरवे पोपट तिने स्वतःच्या हाताने काढले होते. आणि त्यात बांधलेला कानबाईचा रोट परगावच्या मास्तराच्या खोलीत, फळीवर, पुस्तकांशेजारी! नवल पाटलाच्या पायाखालची जमीनच सरकली.

"मी म्हनं नव्हतं का?" मास्तर शाळेत गेलेला बघून त्याला इथवर आणणारा चुलतभाऊ सुकलाल दारातून हळूच बोलला. "आपला घरना रोट परकाना घरमा! आते तूच समजी ले, भाऊ. मन्हा तोंडम्हाईन तं निंघतबी नही."

आता रोट म्हणजे काही दारी आलेल्याला वाढलेला भाकरतुकडा नव्हे. श्रावणात घरोघर कानबाई देवी बसते, घरचे गहू घरच्या जात्यावर दळून तिचे रोट होतात, आणि ते खायचे फक्त भाऊबंदांनी. परक्याच्या तोंडी कणसुद्धा जाता कामा नये. मग ज्या बाईने तो मास्तराला दिला, तिने त्याला कोण मानलं? गावाने दुसरा अर्थ काढलाच नसता. त्यात महिन्याभरापूर्वीच प्रांतसाहेबाने थोरल्या सुकलालला बाजूला सारून पाटीलकी नवलला दिली होती. पाटलाच्याच घरात हे! इतक्या वर्षांचं नाव एका फडक्यात बुडालं.

त्याने बायकोला, मंगलाबाईला, काही विचारलं नाही. घरी गेला आणि अंगणात, आयाबायांच्या देखत, तिच्या गळ्यातली पोत हिसडून तोडली. काळे मणी सड्यावर उधळले. नवरा जिता असताना!

"आयकी तं ल्या..." मंगलाबाई म्हणाली.

त्याने तिच्या तोंडावर हात दाबला. "एक शबद बोलू नको. चालती व्हय!"

सुकलालने त्याला मागून धरलं. "जाऊ दे भाऊ, बाईमानूस शे," म्हणत डोळेही पुसले. केवढा देवमाणूस, असंच सगळ्यांना वाटलं.

दुपारी शाळा सुटली तशी नवलने काठी उचलली आणि तडक मास्तराची खोली गाठली. मास्तर रोट मोडूनच बसला होता.

"या, या पाटील! अगदी वेळेवर आलात. काल तुमच्या सुकलालभाऊंनी आणून दिला हा. म्हणाले, आमच्याकडे याचा पहिला मान मास्तराचा. आमच्या बाजूला नसतो हो असला पदार्थ."

काठी हातातून गळून पडली. सुकलाल? भावकीतला पुरुष, देवीपुढे नाक घासणारा, तिचा रोट आपल्या हाताने बाहेर देतो? अरे, असं पाप नवलच्या स्वप्नातही आलं नसतं! म्हणून तर त्याला घरात दुसरं कुणी दिसलंच नव्हतं.

तो धावतच तापीवर पोचला. दोधू नावाड्याने दोर सोडला होता. नावेत मंगलाबाई एकटीच होती, उघडा गळा पदराने झाकून. तिचं माहेर पलीकडच्या तीराला. नवल कपड्यानिशी कमरेइतक्या पाण्यात शिरला.

"सुकलालनं काम शे हाई! माले आते समजनं. मन्ही चूक व्हयनी, घर चाल!" नावेची कड त्याने घट्ट धरली. पण मनातलं कुसळ अजून निघालं नव्हतं. "फक्त एक सांग. तुन्हं फडकं त्यानाकडे कसं गयं?"

मंगलाबाईने नावेच्या कडेवरची त्याची बोटं एकेक करून सोडवली.

"रविवारी सुकलालभाऊ रुसी बसना व्हतात, जेवाले उनात नही. 'त्याना वाटाना रोट बांधी दे, तुन्हा पोपटना फडकामा बांध, म्हंजे त्याना राग जाई'... तुम्हीच सांगं व्हतं."